घोडा लंगडला तर बाद, स्वार मोडला तर टाळ्या? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

ऑलिंपिक घोडेस्वार बिल रॉयक्रॉफ्ट यांच्यावरील माझा लेख आपल्याला खटकला आणि तो का खटकला हे आपण आडपडदा न ठेवता लिहिलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. कॉलरबोन मोडलेली असताना इस्पितळातून उठून घोड्यावर बसणाऱ्या माणसाचे मी कौतुक केले, पण घोड्याचा विचार केला नाही. त्याच संघातला एक घोडा लंगडला तेव्हा तो बाद झाला, स्वार मोडला तेव्हा मात्र टाळ्या पडल्या. कोल्हापुरात टांगा हाकणारे आपले आजोबा साजाखाली घोड्याची कातडी सोलवटली तर पोटाला चिमटा घेऊन टांगा बंद ठेवत, आणि दसऱ्याला त्या घोड्याची पूजा करत. शेवटी आपण लिहिता की माझा लेख वाचून आपल्या मुलीने मनगट प्लास्टरमध्ये असतानाही घोडेस्वारीच्या निवासी शिबिराला जायचा हट्ट धरला आहे. हा शेवटचा मुद्दा नसता तर मी चार ओळींत आटोपते घेतले असते.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी प्रसंग सांगतो. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील अनेक दिवस चालणाऱ्या इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या स्पर्धेत आधी ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींची परीक्षा), मग सहनशक्तीची परीक्षा आणि शेवटी शो जंपिंग (मैदानातल्या अडथळ्यांवरून उड्या) असा क्रम होता. सहनशक्तीच्या दिवशी एकाच घोड्याला रस्त्यांवरची लांब दौड, स्टीपलचेस (अडथळ्यांवरून भरधाव दौड), पुन्हा दौड आणि त्यानंतर पक्क्या अडथळ्यांची क्रॉस कंट्री हे सारे एका दमात पार करावे लागे. ऑस्ट्रेलियाच्या ४५ वर्षांच्या रॉयक्रॉफ्ट यांचा ‘अवर सोलो’ हा घोडा क्रॉस कंट्रीत सिमेंटच्या नळांच्या अडथळ्यावर पडला आणि स्वार त्याच्याखाली सापडला. कॉलरबोन मोडली, मेंदूला धक्का बसला, स्नायूंना जबर मार लागला. तरीही ते पुन्हा घोड्यावर चढले, फेरी पूर्ण केली आणि मग त्यांना हेलिकॉप्टरने इस्पितळात नेण्यात आले. दरम्यान त्यांच्याच संघातले ब्रायन क्रॅगो यांचा ‘सेबर’ हा घोडा पुढे खेळण्याजोगा राहिला नाही. चार जणांच्या संघात तिघांचे गुण धरले जात असल्यामुळे रॉयक्रॉफ्ट उतरले नसते तर संघच मोडला असता. डॉक्टरांचा विरोध मोडून ते बाहेर पडले, सहकाऱ्यांनी त्यांना कपडे चढवायला मदत केली, घोड्यावर बसवले, आणि त्यांनी एकही अडथळा न पाडता शो जंपिंगची फेरी संपवली. संघाला सुवर्णपदक मिळाले.

आता आपला पहिला आक्षेप. लंगडा घोडा बाद होतो आणि मोडलेला स्वार उतरतो, हा भेद आपल्याला अन्याय वाटतो. मला तो या खेळातला सर्वांत शहाणा भेद वाटतो. आपले दुखणे किती सोसायचे हे माणूस स्वतः ठरवू शकतो, चूक ठरवले तर त्याचे परिणाम भोगायलाही तोच असतो. घोड्याला ‘आज नको’ म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी म्हणावे लागते, आणि म्हणणारा माणूस स्वार किंवा मालक असून चालत नाही, कारण त्या दोघांनाही जिंकायचे असते. पशुवैद्य नेमण्यामागचे सारे तत्त्व हेच आहे. आपल्या आजोबांचा व्यवहार याहून वेगळा नव्हता. आपणच पुढे लिहिले आहे की अंगात ताप असताना त्यांनी टांगा जोडलेला आपण लहानपणी पाहिला आहे. घोड्याच्या जखमेला एक न्याय आणि स्वतःच्या तापाला दुसरा, हा दुजाभाव त्यांनी जाणूनबुजून केला, आणि मला नाही वाटत आपण त्याला क्रौर्य म्हणाल.

शिवाय घोड्याचे हाल कशाने होतात याचा इतिहास पाहिला तर जखमी स्वार त्यात फारसा दिसत नाही. १८९२ मध्ये जर्मन आणि ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यांची व्हिएन्ना ते बर्लिन आणि बर्लिन ते व्हिएन्ना अशी शर्यत झाली. सुमारे ५८० किलोमीटरचे अंतर काउंट स्टारहेम्बर्ग यांनी ७१ तासांच्या आसपास तोडून पहिला क्रमांक मिळवला. स्वार धडधाकट होता, अंगावर ओरखडा नव्हता. त्याचा ‘ॲथोस’ हा घोडा मात्र त्यानंतर दगावला, आणि इतर अनेक घोड्यांची तीच गत झाली. त्या वाटेवर घोड्याची नाडी पाहून ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेला कोणी नव्हता. आजच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत तो अधिकार सर्वांच्या वरचा आहे. हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळात मिनिटाला साधारण ६४ पर्यंत उतरले नाहीत तर घोडा तिथेच थांबतो, मग स्वार पहिला आलेला असो की शेवटचा. २०१३ च्या मंगोल डर्बीत, म्हणजे सुमारे १००० किलोमीटरच्या आणि टप्प्याटप्प्याला घोडा बदलण्याच्या शर्यतीत, डेव्हन हॉर्न यांनी शेवटची रेषा आधी ओलांडली. पण त्यांच्या घोड्याचे ठोके वेळेत न उतरल्याने त्यांना दंड बसला आणि १९ वर्षांच्या लारा प्रायर-पामर विजेत्या ठरल्या. प्रेक्षकाला हा निकाल रुक्ष वाटेल, पण ॲथोसची गोष्ट माहीत असलेल्याला तो वाटणार नाही.

इतके सांगूनही आपल्या आक्षेपाचा एक भाग उरतो आणि तो वजनदार आहे. स्वाराचे शरीर केवळ त्याचे स्वतःचे नसते, ते घोड्याच्या पाठीवर असते. उडीच्या क्षणी घोडा मान लांबवतो. त्या वेळी स्वाराचा हात खांद्यापासून सैल होऊन पुढे गेला नाही तर लगाम ताणला जातो आणि तोंडातल्या लोखंडी कडीचा हिसका जिभेला आणि हिरड्यांना बसतो. असे दोनचार हिसके बसले की घोडा डोके वर करून उडी मारू लागतो, पाठ पोकळ करतो, मागचे पाय दांड्याला लागतात. मी हौशी स्वार आहे, एकदा अवघडलेल्या खांद्याने अगदी बुटक्या अडथळ्यांवरून गेलो होतो. दुसऱ्या उडीनंतर घोडीने कान मागे टाकले आणि तिसऱ्या अडथळ्यासमोर ती सरळ उभीच राहिली. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

म्हणून कॉलरबोन मोडलेल्या स्वाराबद्दल विचारायचा प्रश्न शौर्याचा नाही, तर त्याची मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, हातांवर टेकलेली आहे की नाही, हा आहे. ज्याची मांड मांड्या, पोटऱ्या आणि कंबर यांवर पक्की आहे, त्याचा एक हात निकामी झाला तरी तो लगामाला लोंबकळत नाही; वेदना त्याला होते, घोड्याला कळतही नाही. रॉयक्रॉफ्ट त्या वर्षी याच घोड्यावर इंग्लंडमधील बॅडमिंटन या गावची इव्हेंटिंगची मोठी स्पर्धा जिंकून रोमला आले होते. घोडा त्यांना ओळखत होता, ते घोड्याला. शो जंपिंगचे अडथळे हलके असतात, खुराचा धक्का लागला तरी दांडा खाली येतो, आणि लगामाची ओढाताण झाली असती तर ती दांड्यांच्या आवाजाने सगळ्या मैदानाला ऐकू आली असती. ती फेरी निर्दोष झाली. त्या दिवशीच्या त्यांच्या निर्णयाचे समर्थन मी आजही करतो.

माझ्या मते आपण बोट चुकीच्या दिवसाकडे दाखवले आहे. इस्पितळातून बाहेर पडण्याची गोष्ट रंगतदार असल्यामुळे सगळे तिच्याविषयी बोलतात, कौतुक करणारेही आणि आपल्यासारखे रागावणारेही. खरी धोक्याची वेळ त्याआधीची होती, नळांच्या अडथळ्याजवळ ते पुन्हा रिकिबीत पाय घालून चढले तेव्हाची. हाड मोडलेल्या माणसाला आपले हाड मोडले आहे हे कळते. मेंदूला धक्का बसलेल्याला आपला अंदाज चुकतो आहे हेच कळत नाही, कारण ज्याने अंदाज घ्यायचा तोच जायबंदी झालेला असतो. क्रॉस कंट्रीचे अडथळे पडत नाहीत. अंतराचा हिशेब चुकला तर घोडा त्यांवर आदळतो, आणि नुकताच कोलांटी खाऊन उठलेला घोडा तर मुळातच गांगरलेला असतो. मी वर म्हटले की दुखणे सोसण्याचा निर्णय स्वाराचा असतो. पण तो निर्णय घेणारे डोके शाबूत असले पाहिजे, ही त्यातली अट आहे. आजच्या नियमांत क्रॉस कंट्रीत स्वार किंवा घोडा पडला की त्यांची स्पर्धा तिथेच संपते आणि पडलेल्या स्वाराला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सोडत नाहीत. आजचा नियम १९६० मध्ये असता तर रॉयक्रॉफ्ट नळांपाशीच बाद झाले असते आणि ऑस्ट्रेलियाला ते सांघिक सुवर्ण मिळाले नसते. मला ते चालले असते.

स्वाराचा निर्णय खरोखर त्याचा असतो का, असेही आपण विचारले आहे. संघाचे ओझे असते तेव्हा तो पूर्णपणे त्याचा नसतो, हे मान्य. याचे रोमहून बोचरे उदाहरण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधले आहे. तेव्हा संघ तिघांचाच असे आणि तिघांनीही स्पर्धा पूर्ण करणे सक्तीचे होते. कोनराड फॉन वान्गेनहाइम ‘कुरफ्युर्स्ट’ या घोड्यावरून चौथ्या, पाण्याच्या अडथळ्यात पडले, कॉलरबोन मोडली, आणि तसेच त्यांनी उरलेले सगळे अडथळे पार केले. शो जंपिंगला हात अडकवलेली गळ्यातली झोळी काढून ते मैदानात आले, तिथे घोडा त्यांच्या अंगावर पडला, तरी पुन्हा चढून फेरी पूर्ण केली आणि जर्मनीला सुवर्ण मिळाले. नाझी राजवटीने भरवलेल्या ऑलिंपिकमध्ये, स्वतःच्या देशाच्या प्रेक्षकांसमोर, एका लष्करी अधिकाऱ्याने ‘मला जमणार नाही’ म्हणणे कितपत शक्य होते, याचा विचार केला की त्या पदकाची चमक माझ्या नजरेत कमी होते. त्याच स्पर्धेत तीन घोडे प्राणाला मुकले, हेही त्या शौर्यकथेत सहसा सांगितले जात नाही. रॉयक्रॉफ्ट यांच्यावरही दडपण होते, पण चारांत तिघे हा नियम निदान एका घोड्याला माघार घेऊ देत होता. सेबरला ती घेता आली.

अनेक दिवसांच्या लांब दौडीचा प्रश्न मात्र आणखी वेगळा आहे, आणि तिथे आपली शंका रोमपेक्षा जास्त लागू पडते. ऑस्ट्रेलियातच न्यू साउथ वेल्समधील सेंट ऑल्बन्स येथे ‘शाहजादा’ नावाची दौड होते, पाच दिवसांत ४०० किलोमीटर, आणि तीही त्याच एका घोड्यावर. शो जंपिंगची फेरी मिनिटा-दोन मिनिटांची असते. तेवढा वेळ माणूस दात-ओठ खाऊन सरळ बसू शकतो. रोजच्या ८० किलोमीटरना तो बसू शकत नाही. दुखऱ्या बाजूला जपताना शरीर नकळत दुसरीकडे झुकते, एका रिकिबीवर जास्त भार पडतो, खोगीर तसूभर सरकते, आणि तिसऱ्या दिवशी घोड्याच्या पाठीवर हात फिरवताच तो कातडी थरथरवून अंग चोरतो. अशा दौडीतले पशुवैद्य नाडीबरोबर पाठ, खांद्यांमधला उंचवटा आणि तंगाखालची (खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याखालची) जागा चाचपून पाहतात ती यासाठीच. तेव्हा पहिल्याच दिवशी हाड मोडलेल्या स्वाराने पाच दिवस रेटून नेले, तर त्याचे कौतुक करण्याआधी मी त्याच्या घोड्याच्या पाठीचा शेरा विचारीन. शेवटच्या दिवशी शेवटच्या टप्प्यावर पडून उरलेले अंतर चालीने कापले, तर विचारणार नाही. ‘जखमी अवस्थेत पूर्ण केले’ या चार शब्दांत या दोन्ही गोष्टी बसतात, पण त्यांना एका मापाने मोजता येत नाही.

आता आपल्या मुलीविषयी. तिला स्वारी करू देऊ नका. ती वर्षभरापासून शिकते आहे असे आपण लिहिता. या टप्प्यावर कोणाचीही मांड हातांपासून सुटी झालेली नसते, तोल गेला की मूठ आपोआप आवळते आणि घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो. प्लास्टरमधल्या मनगटाला तर सैल होताच येत नाही. पडताना माणूस हात टेकतो, त्यामुळे तेच मनगट पुन्हा मोडण्याची भीती आहे, हे तिला डॉक्टरांनी सांगितलेले बरे. रॉयक्रॉफ्ट यांचे नाव तिने पुढे केले तर त्यांच्या त्या फेरीमागे किती वर्षांचे खोगीर होते, हे तिला सांगा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांनी संघाबरोबर कांस्यपदक मिळवले. तिला घाई करण्याचे काही कारण नाही.

शिबिराला मात्र तिला जाऊ द्या. तिथल्या प्रमुखांशी आधी बोलून घ्या आणि तिला घोड्यांच्या तपासणीचे काम मागून घ्या. जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने एक शीर बोटाखाली सरकते. तिच्यावर दोन बोटे हलकेच टेकवून पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. निवांत उभ्या घोड्याचे साधारण २८ ते ४४ भरतात. अंगठा वापरायचा नाही, नाहीतर स्वतःचेच ठोके मोजले जातात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच सपाट होते का, हिरडीवर बोट दाबून काढल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परततो का, आणि मोकळ्या लगामाने दुडकी चालवल्यावर घोडा एखाद्या पायावर मान खाली-वर करतो का, हे तिने रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घोड्याचे वहीत लिहावे. त्याला एक हात पुरतो.

आपला,
ब्लॉगलेखक