लिश्टेनश्टाइनची खरी नवलाई

लिश्टेनश्टाइन या युरोपातल्या चिमुकल्या देशावरच्या एका लेखात वाचले, की त्याला स्वतःचे सैन्य नाही, विमानतळ नाही आणि चलनही शेजारच्या स्वित्झर्लंडचे. ही माहिती बरोबरच आहे. पण तिच्यामागचा इतिहास पाहिला तर नवल आणखी वाढते. ज्या घराण्याचे नाव या देशाला मिळाले, त्याने १६९९ मध्ये शेलेनबर्ग आणि १७१२ मध्ये वाडुझ हे मुलूख चक्क विकत घेतले, आणि तेही तेथे राहण्यासाठी नव्हे, तर पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे मध्य युरोपातील संस्थानांच्या तेव्हाच्या साम्राज्याच्या, सभेत आपल्याला आसन मिळावे म्हणून. १७१९ मध्ये संस्थानाचा दर्जा मिळाला, तरी घराणे व्हिएन्नातच रमले. वाडुझच्या किल्ल्यात कायमचे राहायला आलेले पहिले संस्थानिक फ्रान्झ योझेफ दुसरे, आणि ते आले १९३८ मध्ये! सैन्य त्याआधीच, १८६८ मध्ये, खर्च परवडत नाही म्हणून मोडीत काढले होते.

लेखात न आलेली एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या सधन, सुशिक्षित देशात स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क १९८४ मध्ये मिळाला, तोही फक्त पुरुषांनी मत दिलेल्या सार्वमतात आणि निसटत्या बहुमताने. १९७१ आणि १९७३ मध्ये याच पुरुष मतदारांनी तो नाकारला होता. दुसरीकडे, सार्वमताचा कौल फेटाळण्याचा संस्थानिकाचा अधिकार काढून घेण्याचा प्रस्ताव २०१२ मध्ये पुढे आला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी संस्थानिकाचीच बाजू घेतली.