तलावपाळीच्या पाच फेऱ्या आणि रात्रीचं घोरणं

काका (वय 68 तुम्हीच लिहिलंयत, म्हणून काका), माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की लठ्ठपणा म्हणजे निव्वळ आळस. रात्रीचं जेवण अर्धं करावं, पहाटे ठाण्याच्या तलावपाळीला पाच फेऱ्या माराव्यात, मग झोप, मन आणि साखर तिन्ही आपोआप ताळ्यावर येतात. घोरणं तर गाढ झोपेचं लक्षण. आणि शेवटी, ‘ताई, लोकांना मशिनी विकू नका.’ (मशीन म्हणजे सीपॅप: झोपेत मास्कमधून हवा सोडून घसा उघडा ठेवणारं यंत्र.)

एक टोला बरोबर बसलाय. मागच्या लेखात ‘वजन वाढलं की बाकीचं मागून येतं’ असं मी सरळसोट लिहून टाकलं (बाकीचं म्हणजे झोप, मन, साखर बिघडणं), ते चुकलंच. 2010 साली 15 दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा लठ्ठ माणसांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता 55 टक्क्यांनी जास्त दिसली, आणि नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची 58 टक्क्यांनी. येण्याजाण्याची वाट एकच. (त्यात नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं, ही आणखी पंचाईत.)

पण ‘आळस’ हा शब्द नको. आमच्या ह्यांच्या बाबतीत तो मीही वर्षानुवर्षं वापरला. रविवारी येऊरला जाऊया म्हटलं की कूस बदलायचे, लेकीवर उगाच खेकसायचे. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.3, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एकदा तर कापूरबावडीच्या सिग्नलला स्कूटरचं हँडल धरूनच डोळा लागला. मी मागे बसले होते, रिक्षावाल्याने हॉर्न मारला म्हणून वाचलो.

रात्री घोरणं असं, की भिंतीपलीकडच्या काकू चौकशी करायच्या. मला मात्र भीती वाटायची ती घोरणं थांबायचं त्याची. एकदम शांत. मी अंधारात मोजायचे... अठरा, एकोणीस, वीस. मग बुडालेला माणूस वर यावा तसा एक मोठा श्वास. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली, तिने ही शांतता आणखी लांबली. शेवटी बोटाला चिमटा आणि नाकाशी नळी लावून घरीच झोपेची तपासणी केली. तासाला 34 वेळा श्वास अडत होता. या आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया, आणि आकडा तीसच्या पुढे गेला की तो तीव्र म्हणतात.

वजन वाढलं की मानेभोवती, अगदी जिभेतसुद्धा चरबी साठते, आणि झोपेत सैल पडलेला घसा त्या भाराने मिटतो. ऑक्सिजन उतरतो, शरीर घाबरून अ‍ॅड्रेनलीन सोडतं, यकृत साखर बाहेर काढतं, इन्सुलिनला कोणी जुमानत नाही. माणूस अंथरुणात, आणि आत रात्रभर पळापळ. 1999 साली शिकागोत 11 धडधाकट तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर तेवढ्यावर त्यांच्या रक्तातली वाढलेली साखर नेहमीपेक्षा उशिरा उतरायला लागली होती. त्यांना कोण आळशी म्हणणार?

तुमच्या फेऱ्यांना माझा विरोध नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात वजन 10 टक्के उतरलं तिथे श्वास अडण्याचं प्रमाण साधारण 26 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. पण पहाटे फेरी मारायला रात्रीची झोप लागते. मशीनचा मास्क चढवल्यावर हे गणपतीसारखे दिसतात म्हणून लेक पहिल्या रात्री हसून लोळली होती. साखर मशीनने उतरली असं मी म्हणणार नाही, ती ते चालायला लागल्यावर उतरली. चालायला कधी लागले? मास्क लावून तीन आठवडे झोपल्यावर. मला त्यात कमिशन नाही हो!

आता तुमचंच वाक्य: ‘माझं वजन जेमतेम 64, दुपारी पेपर वाचताना डोळा लागतो तो वयाचा मान.’ असेलही. पण बारीक माणसांनाही हा आजार होतो. आज रात्री नको, उद्या चहाच्या वेळी काकूंना विचारा, तुमचं घोरणं मधेच थांबतं का. आणि थांबलं की त्या किती आकडे मोजतात, तेही विचारा.