एल्विसला नाही म्हणणारी बाई

शनिवारी रात्री फडके रोडवरची दुकानं बंद झाली की आम्ही चौघं एका शटरसमोरच्या पायरीवर बसतो. मी, वैजू, बंड्या आणि मंग्या. परवा बंड्याने मोबाइलवर व्हिटनी ह्यूस्टनचं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ लावलं आणि म्हणाला, “काय गाणं लिहिलंय हिने!”

“हिने नाही रे, डॉली पार्टनने. अमेरिकन गायिका. १९७४ साली तिच्याच आवाजात पहिल्यांदा आलं. व्हिटनीचं आलं १९९२ला,” मी म्हटलं.

“ती सोनेरी टोपवाली? ती नटी आहे ना?”

इथून जे सुरू झालं, ते चहावाल्याने स्टोव्ह विझवला तरी संपलं नाही.

बंड्याचं म्हणणं असं की, माणूस एक तर नट असतो नाही तर गीतकार. दोन्ही करणारे एकात कच्चे असतात. मला हे पटतच नाही. डॉलीचा पहिला सिनेमा ‘नाइन टू फाइव्ह’, १९८०चा. जेन फोंडा आणि लिली टॉमलिनच्या बरोबरीने ही नवखी. कामाला हो म्हणताना हिने अट घातली, शीर्षकगीत मी लिहिणार. सिनेमा कसा करतात हे ठाऊक नव्हतं, म्हणून स्वतःच्याच नाही तर सगळ्यांच्या भूमिकांचे संवाद पाठ करून सेटवर गेली. आणि सेटवर बसल्या बसल्या लांब नखं एकमेकांवर घासताना तिच्या लक्षात आलं, हा आवाज टाइपरायटरसारखा येतोय. त्या तालावर तिने ते गाणं रचलं. रेकॉर्डवर तिच्या नखांचा तो आवाज खरोखर आहे.

हे सांगताना माझा आवाज जरा चढला असेल. माझी आई फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. चाळीसच्या स्पीडची परीक्षा पास झालेली. लोकलने घरी आली की स्वयंपाकाच्या ओट्यावर तिची बोटं आपोआप चालायची. साहेबांची पत्रं ती दुरुस्त करायची, खाली सही साहेबांची. त्या सिनेमात तीन बायकांचं दुखणं तेच आहे. काम आपण करायचं, बढती दुसऱ्याला. सिनेमाचं नावसुद्धा बोस्टनमधल्या ऑफिसात काम करणाऱ्या बायकांनी १९७३ साली काढलेल्या संघटनेच्या नावावरून आलंय. गाणं १९८१च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, ऑस्करचं नामांकन मिळालं, दोन ग्रॅमी मिळाले. अभिनय करता करता जे हाती लागलं त्याचंच गाणं झालं. दोन कामं वेगळी कुठे होती?

“बरं, मान्य,” बंड्या म्हणाला. “पण मग त्या रॉक अँड रोलच्या राजाला, एल्विस प्रेस्लीला, ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ का दिलं नाही? मी कुठेतरी वाचलंय.”

तेव्हा वैजूने ती गोष्ट नीट सांगितली. टेनेसीच्या डोंगरात, सेव्हियर परगण्यात, बारा भावंडांतली ही चौथी. ती जन्मली तेव्हा डॉक्टरचे पैसे द्यायला नव्हते, बापाने मक्याच्या पिठाची गोणी दिली. १९६४ साली शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी ती नॅशव्हिलला निघाली. १९६७पासून गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात गायची. काही वर्षांनी तिला स्वतःच्या वाटेने जायचं होतं, तो सोडेना. भांडून उपयोग होईना, तेव्हा घरी जाऊन तिने ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात जाऊन त्याच्यासमोर गायलं. तो रडला. (पुढे त्यानेच तिच्यावर तीस लाख डॉलरचा दावा लावला, ते प्रकरण तडजोडीने मिटलं. माणसं अशीही असतात.)

म्हणजे आपण सगळे ज्याला प्रेमभंगाचं गाणं समजतो, ते खरं तर नोकरी सोडतानाचं गाणं आहे. मालकाचा निरोप घेताना राग नाही, पण पाय मागे वळत नाहीत. मला ते तेव्हापासून जास्तच आवडतं.

मग एल्विसला ते गायचं होतं. रेकॉर्डिंग ठरलं, आणि त्याच्या मॅनेजरने, कर्नल पार्करने, निरोप दिला की एल्विस जे गाणं गातो त्याच्या प्रकाशनाच्या हक्कातला, म्हणजे मालकीतला, निदान अर्धा वाटा आम्हाला लागतो. डॉली नाही म्हणाली. लोक म्हणाले वेडी आहे. ती स्वतः सांगते की रात्रभर रडली.

“वेडीच,” बंड्या म्हणाला. “एल्विस! अर्धं दिलं असतं तर काय बिघडलं असतं?”

मला वाटलं मंग्या उसळेल. मंग्या गाणी लिहितो. २००८ साली त्याने एका कॅसेट कंपनीला गणपतीचं गाणं दिलं, दोन हजार रुपयांत, कागद न वाचता सही करून. आज ते आमच्या गल्लीतल्या मंडळातही वाजतं. त्यावर गीतकार म्हणून छापलंय, ‘पारंपरिक’.

पण मंग्या बंड्याच्या बाजूने बोलला. “मी दिलं असतं. अर्धं काय, सगळं. गाणं लिहिणाऱ्याला आणखी काय हवं असतं? ते चांगल्या गळ्यातून लोकांपर्यंत जावं. माझं ‘पारंपरिक’ गाणं पोरं विसर्जनाला म्हणतात ना, तेव्हा मी मागे उभा राहून ऐकतो. बरं वाटतं.”

“आणि घरी गेल्यावर?” वैजूने विचारलं.

तो बोलला नाही.

मी त्याला म्हटलं, मंग्या, गळा आणि मालकी या दोन गोष्टी आहेत. पार्करने गळा देऊ केला आणि बदल्यात मालकी मागितली. १९८२ला डॉलीने एका सिनेमात काम केलं तेव्हा तेच गाणं पुन्हा गायलं आणि ‘कंट्री’ म्हणजे तिकडच्या गावाकडच्या बाजाच्या गाण्यांच्या यादीत ते दुसऱ्यांदा पहिलं आलं. मग व्हिटनी, चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर. प्रत्येक वेळी लिहिणारीच्या घरी पैसा आला, कारण कागद तिच्या नावावर होता. तिचा बाप हुशार होता पण त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्यासाठी म्हणून १९९५पासून ती आपल्या परगण्यातल्या लहान मुलांना दर महिन्याला एक पुस्तक फुकट पाठवू लागली. आता ते अनेक देशांत चालतं, वीस कोटींहून जास्त पुस्तकं गेली. ज्याच्या लेकीने कागदावरचं अक्षर न् अक्षर जपलं, त्याला वाचता येत नव्हतं, हे मला फार लागतं.

“आपल्याकडे आता कायदा झालाय,” वैजू म्हणाली. “कॉपीराइट कायद्यातली २०१२ची दुरुस्ती. गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला लिहून देताच येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो.”

“माझं चार वर्षं आधीचं,” मंग्या म्हणाला.

“नवं लिही.”

“लिहिलंय की.” त्याने खिशातून बसच्या तिकिटामागे लिहिलेल्या चार ओळी काढल्या. वैजूने त्या वाचल्या, मोबाइलवर फोटो काढला, त्यालाच पाठवला आणि म्हणाली, “तारखेसकट राहू दे तुझ्याकडे. आणि या वेळी सही करायच्या आधी कागद मला आणून दाखव.”

पावणेबारा झाले होते. बंड्या गाडीला किक मारता मारता थांबला.

“तुमचं सगळं बरोबर आहे गं. पण एल्विसच्या आवाजात ते कसं वाटलं असतं?”

त्यावर मात्र आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही.