पेअर विकत घ्यायची तोंडी परीक्षा

माझं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) काठावर आलंय तेव्हापासून घरात बिस्किटं, फरसाण आणि माझं मत या तिन्ही गोष्टी बंद आहेत. डॉक्टर नुसतं 'जरा चालत जा' म्हणाला होता, पण बायकोने घरी येऊन त्याचा विस्तार केला आणि ऑफिसच्या बॅगेत सुकवलेल्या पेअरची पिशवी आली. साखर न घातलेलं, गंधक न लावलेलं, त्यामुळे रंगाने तपकिरी आणि चेहऱ्याने दुःखी. सुपरमार्केटमधल्या चकत्या संपल्या म्हणून परवाच्या शनिवारी म्हटलं बाजारातनं आणूया, ताजा माल मिळेल (सुकवलेल्याचा ताजा माल, हो, हसा), स्वस्तही पडेल. आम्ही राहतो स्टुटगार्टच्या जवळ, या श्वाबेन भागात सफरचंद-पेअरची जुनी उंच झाडं गावोगावच्या गवताळ उतारांवर सुटीसुटी उभी असतात, म्हणजे इथे पेअर मागणं हा काही गुन्हा नसावा अशी माझी समजूत.

तर बाजारातल्या एका ठेल्यावर लाकडी खोक्यात अख्खे सुकवलेले पेअर होते. याला इथे हुत्सेल म्हणतात, बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडे क्लेत्सन. खारकेच्या दुप्पट एवढे, सुरकुतलेले, देठासकट, सालासकट, आतल्या बियांसकट. माझ्या पुढच्या माणसाने क्विन्स नावाचं फळ घेतलं, पैसे दिले, गेला. माझा नंबर आला. मी व्यवस्थित जर्मनमध्ये, विभक्ती प्रत्यय वगैरे जागच्या जागी ठेवून म्हणालो, "अडीचशे ग्रॅम हे द्या."

ठेल्यावरच्या बाईंनी काट्याकडे हातच नेला नाही. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कशासाठी?"

"खायला."

"ते झालं हो. पण घालणार कशात?"

"तोंडात."

हे मी मनात नाही म्हणालो, खरंच म्हणालो. प्रॉब्लेम असा की मराठीत हा टोमणा आहे, जर्मनमध्ये ती फक्त माहिती आहे. बाईंनी ती माहिती गंभीरपणे घेतली. "तोंडात? असेच?" मग मागे वळून खोकी उचलणाऱ्या नवऱ्याला ओरडून सांगितलं की हे गृहस्थ हुत्सेल तसेच खाणार म्हणतायत. नवऱ्याने खोकं खाली ठेवलं. जर्मन माणसाने शनिवारी सकाळी काम अर्धवट सोडून बघायला यावं म्हणजे तुम्हाला कल्पना येईल.

आणि मग रांगेतून ते आले. सायकलचं हेल्मेट डोक्यावर, सायकल जवळपास कुठेही नाही. साठीचे असतील. त्यांना वाटलं इथे भाषेचा घोटाळा झालाय, आणि घोटाळा सोडवणं हे आपलं कर्तव्य आहे. माझ्या खांद्यावर हात ठेवून, बाईंशी चाललेलं माझं सगळं जर्मन कानाआड करून, अत्यंत प्रेमळ आवाजात, एकेका शब्दाला टेकू देत ते इंग्रजीत म्हणाले, "धिस. इज. पेअर."

मी जर्मनमध्ये म्हणालो, हो, माहितीय.

"लाइक अ‍ॅपल," ते पुढे म्हणाले. "बट नॉट अ‍ॅपल." आणि दोन्ही हातांनी हवेत पेअरचा आकार काढून दाखवला. वर निमुळता, खाली फुगीर. मला कळलं नसावं असं वाटून परत काढला, यावेळी मोठा. मग ठेल्यावरचा एक ताजा पेअर उचलून माझ्या नाकासमोर धरला. "फ्रेश." दुसऱ्या हातात हुत्सेल. "ओल्ड."

इथे बाई खवळल्या. "जुने नाहीत! सुकवलेले आहेत! याच वर्षीचे आहेत!" हेल्मेटवाले काका म्हणाले, अहो मी याला सोपं करून सांगतोय. बाई म्हणाल्या, सोपं करा पण खोटं सांगू नका. दोघांची जुंपली. मी मध्ये उभा, हातात दहाची नोट, जी कोणी घेत नव्हतं. बाईंचा मुद्दा बरोबर होता हे मला मान्य आहे, पण त्यांनी तो नोट घेऊन मांडला असता तरी चाललं असतं.

भांडण मिटल्यावर काका परत माझ्याकडे वळले. आता विषय वाळवण. "सन," आकाशाकडे बोट. आकाशात तेव्हा काय होतं? राखाडी. नोव्हेंबरात इथे सूर्य असतो असं नुसतं ऐकून आहे. "ड्राय. मेनी डेज." बाई परत मध्ये पडल्या, उन्हात कुठलं आलंय, आमच्याकडे भट्टीत. पूर्वी गावच्या भट्टीत पाव भाजून झाले की उरलेल्या धगीवर पेअर पसरून ठेवायचे, आता ड्रायर आहे. ही माहिती चांगली होती. मी लक्ष देऊन ऐकत होतो. पण काकांनी तिचंही भाषांतर करायला घेतलं. "ओव्हन. हॉट." आणि बोट भाजल्याचा अभिनय.

आता मला सांगा, मी तासगावच्या बाजूचा माणूस. आमच्या काकांची बेदाण्याची शेड. शाळेच्या परीक्षा आणि बेदाण्याचा सीझन एकत्र यायचे आणि मी दोन्हीकडे सारखाच उपयोगाचा. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायची म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सुटून पाणी लवकर जातं, मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर सावलीत पसरायची, सावलीत, कारण हिरवा माल पाहिजे तर ऊन लागता कामा नये, दोनेक आठवड्यांनी झाडून काढायची, वर गंधकाची धुरी. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो बेदाणा. एप्रिलमध्ये ढग आले की घरात कोणी कोणाशी बोलायचं नाही. सौद्याच्या दिवशी काय रेट निघाला हे आमच्या या काकांच्या चपलेच्या आवाजावरून आम्हाला कळायचं. आणि या घरातल्या मुलाला एक हेल्मेटवाला माणूस सांगतोय की फळ वाळवलं की वाळतं.

मी बोललो ना. म्हणालो, माझ्या घरी द्राक्षं वाळवतात, मला हे काम माहितीय, टनांमध्ये माहितीय. हेल्मेटवाल्या काकांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. "आह! इंडिया?" हो. "इन इंडिया यू हॅव मँगो." हे ते ज्या सुरात म्हणाले ना, त्यात माझ्याबद्दल इतकी करुणा होती की घरदार बुडालेल्या माणसाशीही कोणी इतक्या हळुवारपणे बोलत नाही. काश्मीर-हिमाचलात पेअर पिकतो, आमच्याकडे गाड्यावर नासपती म्हणून मिळतो, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या आजींनी चाकाची पिशवी पुढे ढकलून विषय ताब्यात घेतला. त्यांचं म्हणणं रात्रभर भिजवायचे. त्यांच्यामागची बाई म्हणाली दोन तास पुरतात, आणि भिजवायला थोडी दारू घाला. मग पाणी टाकायचं की ठेवायचं यावर रांगेत दोन पक्ष पडले. बाईंनी निकाल दिला, पाणी टाकणाऱ्याला मी माल देत नाही. आणि माझ्याकडे बघितलं.

"नाही टाकणार," मी म्हणालो. काय करणार, शपथच होती ती.

तेव्हा कुठे काटा हलला.

आता ऑफिसातल्या लोकांना हे सांगितलं तर सगळे म्हणतात किती गोड, किती मदत करणारी माणसं. असतील. पण त्या क्विन्सवाल्याला कोणी विचारलं नाही हो! क्विन्स हे असं फळ आहे की कच्चं चावलं तर जीभ टाळूला चिकटते, शिजवल्याशिवाय त्याचा उपयोग शून्य, म्हणजे परीक्षा घ्यायचीच तर त्याची घ्यायला पाहिजे होती. त्याला 'हे, सफरचंद नव्हे' असं कोणी हवेत काढून दाखवलं नाही. कारण तो दिसायला क्विन्स समजणारा होता. मी दहा-बारा वर्षं इथे टॅक्स भरतोय, आठवड्याला ठरलेला जिना पुसतोय, काच वेगळी कागद वेगळा करतोय. नागरिकत्वाच्या परीक्षेत ३३ प्रश्न असतात आणि १७ बरोबर आले की पास करतात, मी चांगला वर होतो, आणि त्यात हुत्सेलवर एकही प्रश्न नव्हता. सरकारला चालतो, पेअरवालीला नाही. हसून सांगतोय, पण त्या दिवशी घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात काकांना चोख जर्मनमध्ये उत्तरं देत होतो, आणि सगळी फार सुंदर उत्तरं होती.

घरी येईपर्यंत म्हणजे ट्रामच्या स्टॉपवर एक हुत्सेल मी काढून खाल्लाच. मुद्दाम. तसाच. तोंडात. आधी साल, ती चामड्याची, दाताला दाद देत नाही. मग एकदम आत काळपट गोड, काकवीच्या आसपासचं काहीतरी, आणि मग दातांखाली ती पेअरची रवाळ कचकच, जी ताज्या फळातही असते पण वाळल्यावर सगळी एका जागी येऊन बसते. शेवटी बियांच्या घरट्याची पापुद्रे, ती गिळायची की काढायची हे ठरवेपर्यंत ट्राम आली. यातले बरेच पेअर 'मोस्ट' नावाची आंबूस दारू करायच्या जातीचे असतात, कच्चे खाल्ले तर तोंड आवळून येतं, वाळल्यावर मात्र तो तुरटपणा मवाळ होतो. बाकी पूर्वी साखर हा श्रीमंतांचा माल होता, बीटापासून साखर काढायचा पहिला कारखानाच १८०१ मध्ये निघाला, तोवर गरीबाच्या घरात गोड म्हणजे मध आणि हेच. तेव्हा पोरांनी हुत्सेल तोंडात टाकण्याआधी बाईंची परवानगी घेतली असेल असं मला वाटत नाही.

आता 'बिनसाखरेचं' याबद्दल. सुपरमार्केटच्या जुन्या पिशवीमागचं बारीक अक्षर बायकोने परवा चष्मा लावून वाचलं. वरून साखर घातलेली नाही, हे खरं. पण शंभर ग्रॅममध्ये मुळातलीच साठेक ग्रॅम साखर! पेअरमध्ये पाणीच ऐंशी टक्क्यांच्या वर, ते उडालं की मागे राहणार काय? पाच-सात किलोतनं जेमतेम एक किलो निघतो. म्हणजे इतके दिवस मी पथ्य म्हणून जे मूठमूठ चघळत होतो ते साखर कारखान्याच्या सभासदाला शोभेल असं होतं. वर त्यात सॉर्बिटॉल असतं, सफरचंदापेक्षा जास्त, आणि ते आतड्याला फार वेळ बसू देत नाही. मूठभर खाऊन तिमाही आढाव्याच्या मीटिंगला बसू नका. एवढंच सांगतो, तपशील विचारू नका.

तर आता ते खाऊ म्हणून बंद, स्वयंपाकात चालू. इथली मंडळी ते भिजवून, शिजवून, अंजीर-मनुका-अक्रोड, बडीशेपेची बहीण अ‍ॅनिस, लवंग, दालचिनी घालून नाताळाच्या आधी हुत्सेलब्रोट, म्हणजे हुत्सेलचा पाव, करतात. ते ब्रोट म्हणजे फळांचा गोळा आणि त्यांना धरून ठेवायला नाइलाजाने थोडं पीठ. स्वित्झर्लंडमध्ये आरगाऊकडे सुकवलेली पेअर-सफरचंदं बटाटा आणि बेकनबरोबर शिजवतात, ते आमच्याकडे होणार नाही. पण ऑस्ट्रियात कॅरिंथियाकडे शिजवलेले क्लेत्सन वाटून, त्यात क्वार्क म्हणजे जवळजवळ चक्काच, घालून त्याचं सारण करतात, पिठाच्या पारीत भरतात, उकळत्या पाण्यात सोडतात आणि वर तापवलेलं लोणी ओततात. बायकोने व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, अरे ही तर दिंडं आहेत की, आपण वाफवतो, हे पाण्यात सोडतात, एवढाच फरक.

मग रविवारी दिंडं. रात्रभर भिजवलेले हुत्सेल टम्म फुगले होते, देठ आणि बियांचा भाग काढायला मला बसवलं होतं, तासभर ते चिकट काम केलं. पाणी टाकलं नाही. गडद चहाच्या रंगाचं, वासाला गोड असं ते पाणी कणीक भिजवायला घेतलं, त्यामुळे पारी पण तपकिरी. सारणात वेलदोडा, जायफळ, चिमूटभर मीठ. गूळ नाही, साखर नाही. वर तूप. तीन खाल्ली, चौथं बायकोने उचललं, साठ ग्रॅम आठवून.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला ताट दाखवलं. नागपंचमी होऊन महिने झाले आणि आत्ता दिंडं कसली, हा पहिला प्रश्न. आत काय घातलंय, हा दुसरा. सांगितलं. आई विचार करून म्हणाली, "म्हणजे पुरण नाही, गूळ नाही, आणि तो पेअर पण वाळलेला." मी म्हणालो हो, पण साखरेला बरं. आई म्हणाली, "अरे मग काकांनी पार्सलनं पाठवलेला पाच किलो बेदाणा तुमच्या फ्रीजरमध्ये दोन वर्षं पडलाय, तो कशात घालणार आहेस?"