रिकाम्या किनाऱ्याची शिस्त

२०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचा आंतरराष्ट्रीय झेंडा, मिळाला. श्रीवर्धन, नागाव, पर्णका, लाडघर आणि आमचं गुहागर. बातमी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तो पाच मिनिटं टिकला. कोथरूडच्या चुलतभावाने बातमीखाली एक फोटो डकवला, तोही माझाच, उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावरून मी हौसेने पाठवलेला. पांढरी वाळू, हिरवं-निळं पाणी, माणूस औषधालाही नाही. खाली ओळ: 'याला म्हणतात किनारा. झेंडे लावून शिस्त येत नसते. आपल्या लोकांची लायकीच नाही.' त्यावर काकांचा अंगठा, आत्याचे जोडलेले हात, आणि कुणाचं तरी 'अगदी खरं, तिकडे सिव्हिक सेन्स असतो.'

फोटो माझा आणि निष्कर्ष त्याचा. आता त्या फोटोबद्दल बोलायचा हक्क मला आहे की नाही?

किनारा सुंदर आहे, यात वादच नाही. मी राहतो त्या ग्लासगोहून स्काय बेटाच्या उत्तर टोकाला, उइगला पोचेपर्यंतच दिवस संपत येतो. तिथून कॅलमॅक कंपनीची फेरीबोट, पावणेदोन तासांत हॅरिसवरचं टार्बर्ट. पुढे एकपदरी रस्ता, पासिंग प्लेसला थांबत, समोरच्याला हात करत. लस्केंटायरचा रस्ता संपतो तिथे गाड्या लावायला थोडी जागा, जवळच दफनभूमी, मग उंच गवताच्या वाळूच्या टेकड्या. त्या ओलांडल्या की ओहोटीच्या वेळी पार सायलबॉस्टपर्यंत नुसती ओली वाळू, आणि तिच्यावरून ढगांच्या सावल्या सरकत असतात. समोर टारनसे बेट, उजवीकडे उत्तर हॅरिसचे डोंगर. वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे. मूठभर उचलून जवळून पाहिली तर पांढऱ्यात गुलाबी, जांभळे, मधासारखे पिवळे कण दिसतात, आणि एखाद्या कणावर शिंपल्याची रेघ अजून शाबूत असते. हीच वाळू वारा आत उडवत नेतो, पीटच्या, म्हणजे कुजक्या वनस्पतींच्या, आंबट जमिनीत मिसळतो आणि तिथे मॅखर तयार होतं, जून-जुलैत फुलांनी भरून जाणारा गवताळ पट्टा. स्कॉटलंड आणि आयर्लंडचा पश्चिम किनारा सोडला तर जगात हे कुठे नाही.

सगळे लस्केंटायरला जातात. मला विचाराल तर दक्षिणेकडचा स्कारिस्टा सरस, कारण तिथे लाटेला आवाज आहे. गुहागरला आजोबांच्या घरी माजघरात झोपलं तरी तो आवाज उशाशी असायचा. वर ल्युइसमध्ये, म्हणजे हॅरिसला जोडूनच असलेल्या उत्तरेकडच्या भागात, उइगच्या वाळूचा पसारा आहे. (हे उइग निराळं; इथे एकाच नावाची गावं सापडतात, आपल्याकडे मुरूड सापडतात तशी.) तिथल्याच परिसरात १८३१ मध्ये वॉलरसच्या दातांतून कोरलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या मिळाल्या. त्यातल्या बहुतेक आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गावाला काय मिळालं ते विचारू नका.

फोटोत काय दिसत नाही, ते आधी सांगतो. फोटोत वारा दिसत नाही आणि पाणी किती गार आहे तेही दिसत नाही. ऐन उन्हाळ्यातही १३-१४ अंश. शेजारच्या बर्नरे बेटाच्या किनाऱ्याचा फोटो एकदा थायलंडच्या पर्यटनाच्या जाहिरातीत चुकून वापरला गेला होता, आणि फोटो पाहून कुणाला शंका येण्याचं कारणही नव्हतं. पोरं वेटसूट घालून पाण्यात जातात आणि ओठ निळे करून बाहेर येतात. असल्या पाण्यात भेळ खाऊन शिरायला कोथरूडहून किती लोक येतील, हे चुलतभावाने स्वतःलाच विचारावं.

दुसरं म्हणजे माणसं. हॅरिस ज्यात येतं त्या आउटर हेब्रिडीजची सगळी बेटं मिळून वस्ती २६ हजारांच्या आसपास. हॅरिसवर दोन हजारही नाहीत. पलीकडून यायचं तर फेरीत गाडीला जागा हवी, आणि उन्हाळ्यातली ती जागा महिनोन् महिने आधी भरते. म्हणजे शिस्त लोकांच्या रक्तात आहे की फेरीच्या डेकवर, हे बघायचं असेल तर असा किनारा घ्या जिथे शहरातून कुणीही तासाभरात पोचू शकतो. ग्लासगोला तो आहे: लॉक लोमंड या सरोवराचा. तिथे तंबू ठोकून दारू पिणं, झाडं तोडून शेकोट्या, जाताना तंबूसकट कचरा तिथेच टाकणं इतकं वाढलं की २०११ मध्ये पूर्व काठावर आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या मोठ्या भागात मार्च ते सप्टेंबर परवान्याशिवाय तंबू ठोकायला बंदी आली. आणि हे त्या देशात, जिथे २००३ च्या कायद्याने कुणाच्याही जमिनीवरून चालायचा हक्क दिलाय. सिव्हिक सेन्सवाल्यांची लेकरं आहेत ही. २०२० च्या उन्हाळ्यात परदेशवारी बंद झाली तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांतली पत्रं वाचली असती, तर आत्याला ती दापोलीहून लिहिली आहेत असंच वाटलं असतं.

खरं शिस्तीचंच कौतुक असेल तर हॅरिस-ल्युइसला रविवारी यावं. सब्बाथ, ख्रिस्ती विश्रांतीचा वार. दुकानं बंद, दोरीवर कपडे वाळत घालणंसुद्धा वाईट दिसतं. ल्युइसमधल्या स्टॉर्नोवे शहरातून रविवारची पहिली नियमित फेरी सुटली २००९ मध्ये, तीही निषेधाची स्तोत्रं ऐकत. तिथलं टेस्को सुपरमार्केट रविवारी उघडायला २०२४ उजाडलं. चुलतभाऊ दुपारपर्यंत चहासाठी कासावीस होईल.

पण माझा राग याहून खोल आहे. तो किनारा रिकामा दिसतो, कारण तो रिकामा केला गेला. पश्चिम हॅरिसची मॅखरची जमीन बेटावरची सगळ्यात चांगली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जमीनदारांनी तिथली गावंच्या गावं मेंढ्यांसाठी उठवली. काही लोक जहाजात बसून कॅनडाला गेले, काहींना पूर्वेकडच्या बेज भागात ढकललं, जिथे खडकावर वीतभरही माती नाही. समुद्रातलं शेवाळ पाठीवरून आणून, खडकांच्या बेचक्यांत वाफे रचून त्यांनी बटाटे लावले. ते वाफ्यांचे कंगोरे आजही दिसतात. मढं पुरायलाही तिथे पुरेशी खोल माती मिळेना. म्हणून मढी खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून पश्चिमेला आणायची, ज्या जमिनीवरून त्यांना हाकललं तिथेच पुरायला. ती वाट आजही कॉफिन रूट म्हणूनच ओळखली जाते आणि पर्यटक तिच्यावरून हौसेने चालतात. मीही चाललोय. वाट सुरेख आहे.

१८८६ मध्ये क्रॉफ्टर्स अ‍ॅक्ट आला. त्यांचा कूळकायदाच म्हणा: भाडं ठरवून मिळालं, उठसूट हाकलणं थांबलं, पण गेलेली जमीन त्याने परत दिली नाही. हे वाचताना मला नीट बसवत नाही, कारण आमचं घराणं खोताचं. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, जमिनी कुळांकडे गेल्या, आणि घरात त्याबद्दल जे बोललं जायचं ते मी लहानपणी जेवताना ऐकलंय. 'आपल्या लोकांची लायकी नाही' या वाक्यातले 'आपले लोक' कोण, ते आमच्या ग्रुपवर सगळ्यांना न सांगता कळतं. चुलतभाऊ स्वतःला त्यात धरत नाही. कचरा टाकणारा नेहमी दुसराच असतो.

आता दुसरी बाजूही येतेच. ग्रुपवरचा धाकटा पुतण्या, रत्नागिरीचा, त्याने उलट लिहिलं: 'झेंडा नको, शिस्त नको, आधी रोजगार द्या. कोकणचा कॅलिफोर्निया कधी होणार?' हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. त्याला मी हॅरिसची गोष्ट सांगितली. १९१८ मध्ये लॉर्ड लेव्हरह्यूमने ल्युइस विकत घेतलं, १९१९ मध्ये हॅरिस. हा सनलाइट आणि लाइफबॉयवाला लेव्हर, आपल्या मोरीत पोचलेला. त्याला बेटांवर मासळीचा मोठा उद्योग उभारायचा होता: धक्के, कारखाने, रस्ते. दक्षिण हॅरिसमधल्या ओब गावाचं नावच बदलून लेव्हरबर्ग केलं. ल्युइसमध्ये युद्धावरून परतलेल्या लोकांना मात्र पगार नको होता, जमीन हवी होती, आणि त्यांनी त्याच्या शेतांत घुसून ती आखून घेतली. १९२५ मध्ये तो वारला आणि कारभार गुंडाळला गेला. त्याआधीच, १९२३ च्या एप्रिलमध्ये, मेटागामा जहाज स्टॉर्नोवेहून सुमारे ३०० जणांना घेऊन कॅनडाला गेलं होतं, बहुतेक तरुणच. म्हणजे विकासही फसला आणि पोरंही गेली. पुतण्याला म्हटलं, यातून तुला सोयीचा अर्थ काढ.

१९९१ मध्ये पुन्हा तोच खेळ. रोइनव्हल हा अख्खा डोंगर फोडून खडी काढायची, बोटीने न्यायची. नोकऱ्या मिळणार म्हणून आधी बेटावर बहुतेकांना खाण हवी होती, मग चौकशी लांबली तशी मतं फिरली. २००० मध्ये सरकारने नकार दिला, २००४ मध्ये कंपनीने नाद सोडला. नाणार आणि बारसूच्या बातम्या इथे बसून वाचताना मला हे सारखं आठवायचं. फरक एवढाच की हॅरिसवाल्यांनी पुढे जमीनच विकत घेतली. २००३ मध्ये उत्तर हॅरिस, २०१० मध्ये पश्चिम हॅरिस, गावकऱ्यांच्या ट्रस्टकडे. कॅम्परव्हॅनला रात्र काढायची तर त्यांच्या ठरलेल्या जागी लावा आणि पैसे द्या. तरीही तिथली पोरं घर मिळत नाही म्हणून रडतातच, कारण बरीच घरं सुट्टीवाल्यांची. आपल्याकडे 'सी व्ह्यू प्लॉट'च्या पाट्या लागल्यात तिथेही वीस वर्षांनी हेच होणार. की झालंच आहे?

मला माहीत आहे, मी सोयीची उदाहरणं निवडतोय. मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून रखडलाय असं कुणी म्हटलं की मी लगेच ग्लेन सॅनॉक्स काढतो: २०१७ मध्ये खिडक्या रंगाने रंगवून जलावतरण केलेली फेरीबोट, जी प्रवासी घ्यायला २०२५ मध्ये लागली. आणि गुहागरला गेलो की तोच मी ताटलीतलं प्लास्टिक बघून 'आमच्याकडे असं चालत नाही' म्हणतो. आमच्याकडे! बायको कोपराने ढोसते.

लस्केंटायरच्या दफनभूमीच्या भिंतीपाशी एक म्हातारे गृहस्थ भेटले होते. कुठून आलात, विचारलं. ग्लासगो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि हवेबद्दल बोलायला लागले. 'नाही, मूळचे कुठले' हे त्यांनी विचारलं नाही. मला ते फार बरं वाटलं आणि थोडं लागलंही. स्टॉर्नोवेत १९३० च्या दशकात पंजाबातून कपड्यांची गाठोडी घेऊन फेरीवाले आले, राहिले, त्यांची पोरं गेलिक, म्हणजे बेटांची जुनी भाषा, बोलायला लागली. २०१८ मध्ये तिथे मशीदही झाली. ती माणसं तिथली झाली, कारण त्यांनी दारोदार जाऊन लोकांशी बोलण्यात आयुष्य घातलं. मी फेरीचं तिकीट काढून किनाऱ्यावर जातो तो कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. रिकामा किनारा मला आवडतो, कारण तिथे मी कुणाचाच नसलो तरी खपून जातं. गुहागरच्या किनाऱ्यावर गर्दी आहे, ओळखीचे आहेत, व्याडेश्वराच्या दारात 'कोणाचा रे तू' विचारणारे दोन-तीन म्हातारे अजून उरलेत, आणि मला उत्तर द्यावं लागतं.

डिसेंबरात जातोय. आजोबांचं घर वाटण्यांच्या भांडणात कुलूपबंद आहे, म्हणून होमस्टे घेतला. तो उभा आहे ती वाडी पूर्वी आमची होती, कूळकायद्यात गेली. मालक त्या कुळाचा नातू. आत्याला हा घराण्याचा अपमान वाटतो. मला वाटत नाही, पण एसी खोलीचे साडेतीन हजार ऐकल्यावर मी घासाघीस मात्र केली, आणि आवाजात नको ती जरब आली. त्याने ऐकून घेतलं, दोनशे कमी केले, वर जेवणाचं वेगळं पडेल म्हणाला. मग म्हणाला, 'आणि साहेब, गाडी पुळणीवर घालू नका हां. रुतली तर ट्रॅक्टरवाला दोन हजार घेतो, आणि ट्रॅक्टर माझाच आहे.'