ब्रुनो अजून गेटच्या आत आहे

गेले दोन आठवडे आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद चालू आहे. गोव्यात, साखळी गावी, माझ्या धाकट्या भावाने लॅब्राडोरचं पिल्लू आणलं, ब्रुनो. नऊ आठवड्यांचं. डॉक्टरांनी सांगितलं, इंजेक्शनं पुरी होईपर्यंत, म्हणजे चार महिन्यांचा होईपर्यंत, गेटबाहेर काढू नका. मी जर्मनीहून म्हटलं, खाली सोडू नको, पण रोज कडेवर घेऊन फिरव. त्यावर त्याचं उत्तर आलं, "ताई, ते जर्मनीत चालतं. इथं कुत्र्याला कसली शाळा? तो आपोआप वाढतो."

ते उत्तर मला लागलं.

पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या रोगाची, भीती खरी आहे. अनोळखी कुत्री जिथं घाण करतात तिथं पिल्लू टेकवू नये, हे मलाही कळतं. पण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटतं. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी पिल्लांवर कित्येक वर्षं काम करून हे १९६५ सालीच मांडलं. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या पशुवैद्यांची संघटनाही म्हणते की पहिली लस होऊन आठवडा झाला की पिल्लाला पिल्लांच्या वर्गाला न्यायला हरकत नाही. चार महिन्यांचा झाल्यावर गेट उघडलं आणि ब्रुनोला प्रत्येक छत्री, प्रत्येक स्कूटर परकी वाटली, तर दोष कोणाचा? मग त्याला साखळीने बांधणार. इथं जर्मनीत तर कुत्रा असा बांधून ठेवायला कायद्याचीच मनाई आहे.

माझा मोती दहा आठवड्यांचा असताना लाइपझिगला घरी आला. जॅकेटच्या आत धरून मी त्याला ट्रॅमने हाउप्टबानहोफला, म्हणजे मोठ्या रेल्वे स्टेशनवर, न्यायची, बाकावर बसायची आणि नुसतं बघू द्यायची. एकदा फुटपाथवरच्या लोखंडी जाळीपुढे तो थिजला. शेपटी पोटाखाली, कान मागे, सारखा ओठ चाटत होता. मी पट्टा ओढला नाही. चार पावलं मागे घेतलं आणि शेजारी उकिडवी बसले. थोड्या वेळाने त्याने एक पंजा जाळीवर ठेवला, काढला, परत ठेवला. मी लेबरवुर्स्टचा, म्हणजे कलेजीच्या सॉसेजचा, तुकडा दिला आणि घरी आलो. त्या दिवसापुरतं तेवढं पुरे होतं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून जाळी ओलांडून गेला. ओढत नेलं असतं तर जाळीही लक्षात राहिली असती आणि माझा हातही.

भाऊ म्हणतो, आपल्या लहानपणीच्या मोतीला कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही, खरं आहे. तो देवळाच्या पायरीवर निजायचा, शिगम्याच्या ढोलाखाली जांभया द्यायचा, पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोंय पोंय ऐकू आली की सायकलच्या आधी रस्त्यावर हजर. पण त्या मोतीला गेट नव्हतं. सगळा वाडा त्याची शाळा होता. आता आमच्या घराला पुरुषभर उंच चिऱ्यांचं कुंपण आहे. ब्रुनोला बाहेरचे फक्त आवाज येतात, माणसं दिसत नाहीत.

"तू इथं नाहीस, तुला बोलायला सोपं," असंही भावाने लिहिलं. त्यावर मी काही लिहिलं नाही. मला जर्मनीत येऊन अकरा वर्षं झाली. पहिलं वर्षभर मी ऑफिस आणि सुपरमार्केट यापलीकडे कुठे गेले नाही. जिन्यात कोणाची चाहूल लागली की दाराआड थांबायची. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला पहिल्यांदा नाव विचारलं ते मोती आल्यावर.

सिल्व्हेस्टरच्या, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या, फटाक्यांची सवय व्हावी म्हणून मोती जेवताना मी फोनवर आवाज लावते, आधी अगदी हळू, मग रोज जरासा वाढवून. फटाक्यांनंतर शिगम्याचे ढोल लावते. आणि आईने सकाळी गेटपाशी उभं राहून टिपून पाठवलेला पोदेराचा हॉर्न. लाइपझिगच्या कुत्र्याला त्याचा काही उपयोग नाही, मला माहीत आहे. मोती मान वर करतो, माझ्याकडे बघतो आणि पुन्हा वाटीत तोंड घालतो.