‘मज मृत्तिकेसमान’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वडिलांनी कापसाच्या पैशांतून घेतलेल्या कुलरविषयी मी लिहिले, त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. संतांनी धनाला माती मानले असताना मी एका माळकऱ्याच्या चैनीची वकिली करतो, हा पहिला. आणि त्या वेळी कृषी केंद्राची उधारी फिटली होती की नाही, हे मी सोयीस्करपणे गाळले, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. ‘तुमचें येर वित्त धन । तें मज मृत्तिकेसमान’ ही तुकोबांची ओळ आपण दिलीत, पण तिच्यातील ‘मज’ या शब्दाकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही. धन माती आहे, हे तुकोबा स्वतःपुरते बोलतात. संसारी माणसाला तेच ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें। उदास विचारें वेच करी’ असे सांगतात. सावकारीची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, तेव्हाही भावाच्या वाट्याची खते त्याला देऊन फक्त आपल्या वाट्याची बुडवली, असे परंपरा सांगते. यवतमाळ जिल्ह्यात, मे महिन्यात, टिनाच्या छपराखाली दोन माणसांना झोप लागावी म्हणून घेतलेल्या वस्तूला विलास म्हणणे मला जमत नाही. (आमच्याकडे येऊन भोगावर तासभर निरूपण करणाऱ्या कीर्तनकारांनी आपली खुर्ची त्याच कुलरसमोर ओढून घेतली होती.)

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मला टोचला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे इतरांच्या निवाऱ्यासाठी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र चिंध्या पांघरल्या. पण कीर्तनात ते लोकांना चिंध्या पांघरायला सांगत नसत, तर कर्ज काढून सण आणि तीर्थयात्रा करू नका, असे सांगत. त्या कसोटीवर आमचा कुलर उतरत नाही, कारण बियाण्याची आणि खताची निम्मी उधारी तेव्हा बाकी होती. हे मी लिहायला हवे होते.

ती उधारी दिवाळीत सोयाबीनच्या पैशांतून व्याजासह फिटली. तो सबंध उन्हाळा आई कुलरसमोर झोपली. वडील अंगणात बाजेवर झोपत, आणि कोणी विचारले तर आत फार आवाज येतो म्हणत.